चिलेटेड लोहाबद्दल फिरणारा मेसेज आणि उसाचा केवडा

लोह कमी पडून उसाला केवडा पडायला लागला, पानं पिवळी-पांढरी दिसायला लागली, की कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: चिलेटेड लोह (म्हणजे दुसऱ्या रेणूने चिमट्यासारखं धरून ठेवलेलं लोह) सायनाइडपासून बनवतात म्हणून ते विष, निसर्गात असलं काही नसतं, आणि लोह ते लोहच, मग हिराकस (फेरस सल्फेट) सोडून महागडी पुडी कशाला?

सायनाइडचं आधी बघू. लोहाला धरायला वापरतात ते ईडीटीए बनवताना कारखान्यात इथिलीनडायअमाइन, फॉर्माल्डिहाइड आणि सोडियम सायनाइड वापरतात, हे खरं आहे. पण त्या क्रियेत सायनाइडमधला कार्बन कार्बॉक्झिल गटात जातो आणि नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. तयार रेणूत सायनाइड राहत नाही. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णाला डॉक्टर कॅल्शियमयुक्त ईडीटीए शिरेतून देतात, कारण ते शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढतं. काळजी करायची तर दुसऱ्या गोष्टीची करा. ईडीटीए मातीत लवकर कुजत नाही आणि जड धातूंना पाण्याबरोबर खाली नेऊ शकतं. म्हणून ते बेसुमार ओतू नये.

‘निसर्गात नसतं’ हे तर सरळ चूक. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे, आणि त्यात मॅग्नेशियमचा अणू चार नायट्रोजननी धरलेला असतो. आपल्या रक्तात लोहाची हीच तऱ्हा. उसाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ऊस गवताच्या कुळातला. लोह कमी पडलं की या कुळातल्या पिकांची मुळं म्युजिनिक आम्लासारखे पदार्थ मातीत सोडतात. ते लोहाला धरतात आणि मूळ ती जोडी अख्खी आत घेतं. म्हणजे चिलेट ऊस स्वतःच बनवतो.

आता तिसरा दावा, ज्यात शेतकऱ्याचा पैसा अडकलेला आहे. घरी करून बघा. एका ग्लासात हिराकशीचं पाणी, दुसऱ्यात लोह-ईडीटीएचं, आणि दोन्हींत चमचाभर खाण्याचा सोडा. पहिला ग्लास फसफसून गढूळ होतो आणि थोड्या वेळात तळाला तांबूस गाळ बसतो. दुसरा पिवळसर पण निवळ राहतो, कारण त्यातलं लोह ईडीटीएने दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन लावून धरलेलं असतं. मुळाला गाळ उपयोगाचा नाही, विरघळलेलं लोह लागतं. तेव्हा लोह ते लोहच, हे खरं नाही.

पण ग्लासावरून शेताचा निकाल लावू नका. राधानगरी, गगनबावड्याकडच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत मुळात लोहाची टंचाई क्वचितच. शिरोळ, हातकणंगल्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू (pH) ८ च्या आसपास किंवा वर जातो. तिथे मातीत कॅल्शियम इतकं असतं की ते ईडीटीएतल्या लोहाची जागा घेतं आणि लोहाचा पुन्हा गाळ होतो. अशा जमिनीत सामू साधारण ६.५ च्या वर गेला की लोह-ईडीटीएचा भरवसा नाही. तिथे लोहाला जास्त घट्ट धरणारं ईडीडीएचए टिकतं, पण ते बरंच महाग. फवारणीत मातीचा अडथळाच नसल्याने ईडीटीए चालतं, आणि ताज्या द्रावणाची हिराकसही चालते.

मेसेजची एक बाजू मात्र मला मान्य आहे: हिराकस टाकाऊ नाही. हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून देण्याची शिफारस आहे, आणि ती रसायनशास्त्राला धरूनच आहे. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरतात, म्हणजे चिलेट खड्ड्यातच तयार होतं. कोरडी हिराकस चुनखडीच्या सरीत फेकणं मात्र पैसे मातीत घालणं आहे.

पुडी घ्यायचीच असेल तर आधी माती तपासून सामू बघा. मग पाकिटावर ईडीटीए लिहिलंय की ईडीडीएचए, ते वाचा. नुसतं ‘चिलेटेड’ छापलेलं असेल तर ती परत ठेवा.