सर टाइप करत आहेत

कामात जरा डोकं लागायला लागलं की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातून एक चौकोन वर येतो. त्यात लिहिलेलं असतं, "हाय". पुढे काही नाही.

पाठवणारा माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसतो. मान जरा लांब केली तर त्याचा डावा कान दिसतो. पण हाक मारायची पद्धत आता मोडीत निघाली आहे. तो चॅटवर "हाय" टाकतो आणि हाताची घडी घालून बसतो. समोरच्याने प्रतिसाद दिल्याशिवाय काम सांगायचं नाही, असं त्याचं व्रत आहे. मीही थोडा वेळ तग धरतो. पण ते एकटं "हाय" असं काही बघत बसतं की शेवटी मीच हरतो.

"हाय."

"कसा आहेस?"

तासाभरापूर्वी आम्ही एकाच लिफ्टने वर आलेलो असतो. तरी मी म्हणतो, "मजेत."

"एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"बिझी आहेस का?"

"नाही रे, बोल."

मग तो टाइप करू लागतो, थांबतो, पुन्हा लागतो, आणि एवढ्या नांदीनंतर मूळ नाटकाचा पडदा वर जातो: "ती टेस्टिंगची शीट कुठे आहे?" ती शीट चॅनेलच्या, म्हणजे आमच्या गटाच्या चॅटच्या, माथ्यावर पिन केलेली असते. पिन त्यानेच केलेली असते.

या दुखण्यावर उपाय म्हणून आमच्यातल्या एकाने आपल्या स्टेटसवर लिहून ठेवलं, 'नुसतं हाय म्हणू नका, थेट मुद्द्याचं विचारा.' आता लोक त्याला लिहितात, "हाय, तुझं स्टेटस वाचलं. एक विचारू का?"

आमच्या ऑफिसात कुठलं सॉफ्टवेअर आहे ते सांगत नाही. नाव कुठलंही असो, दुखणं एकच. पण या जातीच्या सॉफ्टवेअरमधलं गाजलेलं नाव म्हणजे स्लॅक, त्याची जन्मकथा मात्र मला फार आवडते. स्ट्यूअर्ट बटरफील्ड नावाच्या गृहस्थांना मुळात ऑनलाइन गेम काढायचा होता. पहिला गेम चालला नाही, त्यातून निघालं फ्लिकर हे फोटोंचं संकेतस्थळ. त्यांनी पुन्हा कंबर कसली आणि ग्लिच नावाचा दुसरा गेम काढला. तोही 2012 मध्ये गुंडाळावा लागला. पण गेम करताना वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या मंडळींनी आपसात बोलायला जे घरगुती साधन जुळवलं होतं, तेच 2014 मध्ये स्लॅक होऊन बाजारात आलं. पुढे सेल्सफोर्स या कंपनीने ते सुमारे 27.7 अब्ज डॉलरचा सौदा करून घेतलं. म्हणजे खेळ बुडाला आणि खेळाबद्दलच्या गप्पा विकल्या गेल्या. आमच्याही प्रोजेक्टचं असंच काहीसं होईल, अशी मला आशा आहे. गप्पा तर तयारच आहेत.

त्या मंडळींचं घरगुती साधन उभं होतं आयआरसीवर. हा इंटरनेटवरून गप्पा मारायचा प्रकार 1988 मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी काढला. चॅनेल ही कल्पना आणि चॅनेलच्या नावाआधीचं ते # चिन्ह आपल्याला तिथूनच मिळालं. पण आयआरसीत एक मोठी उणीव होती. तुम्ही जोडलेले नसाल तेव्हा जे बोलणं झालं, ते तुमच्यापुरतं गेलं. परत आल्यावर मागचं काही दिसत नसे. स्लॅकच्या लोकांनी नेमकी हीच उणीव भरून काढली: सगळं साठवायचं, सगळं शोधता यायला हवं. कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

पण ती उणीव नव्हतीच, असं माझं मत आहे. ती सवलत होती. "मी तेव्हा नव्हतो" हे वाक्य माणसाने शतकानुशतकं जपून वापरलं आणि त्याच्या जिवावर असंख्य कामं टाळली. आता ते म्हणायची सोय उरली नाही. तुम्ही तेव्हा नसलात तरी ते बोलणं तुमची वाट बघत, ठळक अक्षरांत, लाल आकड्यासकट बसून राहतं. स्लॅकच्या फुकटच्या प्लॅनमध्ये 90 दिवसांपूर्वीचे संदेश दिसेनासे होतात. खरं तर या सोयीसाठी पैसे घ्यायला हवेत.

चॅनेलांबद्दल काय बोलावं! आमच्याकडे 'जनरल' आहे, आणि जनरलमध्ये फार गोंगाट होतो म्हणून काढलेलं 'जनरल-इम्पॉर्टंट' आहे. प्रत्येक प्रोजेक्टचं एक चॅनेल, त्याच प्रोजेक्टचं क्लायंटला वगळून एक, सरांना वगळून एक. सरांना वगळून असलेल्या चॅनेलवर एकाला संशय आहे म्हणून त्यालाही वगळून आणखी एक. या शेवटच्या चॅनेलवर मी आहे. माझ्यामागे आणखी एखादं असणार, हे मला दिसतंय. कारण मधूनच तिघंजण एकदम हसतात आणि माझा स्क्रीन कोराच असतो.

आणि मग ते @ चिन्ह. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ते ईमेलच्या पत्त्यात बसवलं. हेतू साधा होता: अमुक यंत्रावरच्या अमुकच माणसाला निरोप पोचावा. एका माणसाला! आता '@चॅनेल' लिहिलं की चॅनेलवरच्या झाडून सगळ्यांचा फोन थरथरतो. '@हिअर' म्हणून एक सौम्य प्रकारही आहे, तो त्या वेळी हजर असणाऱ्यांनाच हलवतो. दोन्हींतला फरक आमच्याकडे फक्त आयटी सपोर्टवाल्यांना माहीत आहे, आणि ते दोन्ही वापरत नाहीत.

परवाचंच घ्या. शेकडो माणसांच्या चॅनेलवर कुणीतरी लिहिलं, "@चॅनेल, मीटिंग रूममध्ये कुणाचा चार्जर राहिलाय?" सॉफ्टवेअर अशा वेळी आधी विचारतं, एवढ्या माणसांना सूचना जाईल, नक्की पाठवायचं ना? एखाद्याला वाटावं, इथे तरी हात थांबेल. पण तो प्रश्न वाचून उलट हुरूप येत असावा. संदेश आला. पाठोपाठ "माझा नाही." "माझाही नाही." "टाइप सी आहे का?" "फोटो टाका." फोटो आला. चार्जर काळा होता. "माझा पांढरा आहे." एकाने "मी आज घरून काम करतोय, त्यामुळे माझा नसावा," असं तर्कशुद्ध निवेदन केलं. दुसऱ्या देशातल्या ऑफिसातून मध्यरात्री कुणीतरी आदरपूर्वक कळवलं की आपला तिथे यायचा योग अजून आला नाही. शेवटी एचआरच्या मॅडमनी लिहिलं, "@चॅनेल, कृपया सगळ्यांना सूचना जाईल असे संदेश पाठवू नयेत." त्यावर साठ-सत्तर अंगठे आले. चार्जर अजून तिथेच आहे.

या अंगठ्याचं शास्त्र स्वतंत्र अभ्यासायला हवं. नव्याने लागलेल्या मुलाचा अंगठा म्हणजे 'वाचलं, आणि घाबरलो'. बरोबरीच्याचा अंगठा म्हणजे 'वाचलं, पण करणार नाही'. सरांचा अंगठा म्हणजे विषय मिटला, पुन्हा काढायचा नाही. डोळ्यांचं चित्र टाकणारे वेगळेच. त्यांना फक्त मजा बघायची असते. मागे एका सहकाऱ्याने नोकरी सोडताना लांबलचक हृद्य निरोप लिहिला. त्याच्या मॅनेजरने त्यावर सगळ्यात आधी फुगे आणि पिपाणी चिकटवली. घाईत झालं, की मनातलं बाहेर आलं, यावर आमच्या त्या शेवटच्या चॅनेलवर अजून एकमत नाही.

हिरव्या ठिपक्याने मात्र मला जेवढं छळलंय, तेवढं कुणी छळलं नसेल. तुम्ही जागेवर आहात की नाही, हे तुमच्या नावाशेजारचा ठिपका जगाला सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या चॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये 5 मिनिटं माउस-कीबोर्डला हात लागला नाही की ठिपका पिवळा. यंत्राच्या लेखी विचार करणं हे काम नाही, बोटं हलणं हे काम. कागदावर आकृती काढत मी एखादा अवघड गुंता सोडवत असलो तर जगाच्या दृष्टीने मी बेपत्ता असतो. आणि माउस गोल गोल फिरवत छताकडे बघत बसलो तर भलताच कार्यतत्पर. यावर लोकांनी काय काय काढलं! माउस आपोआप हलवणारी यंत्रं विकत मिळतात. काहींनी माउसखाली मनगटी घड्याळ ठेवून बघितलं, की काट्याच्या हालचालीने बाण थरथरत राहतो. मी तसलं काही करत नाही. दर चार मिनिटांनी माउसला एक टिचकी मारतो, बस्स. डोकं कामात असलं तरी बोट आपोआप तिकडे जातं. सुट्टीच्या दिवशीही जातं. परवा जेवताना भांड्याला मारली.

आता मुख्य छळाकडे येतो. एखादं काम पुरं करून मी सरांना लिहितो, "सर, झालं. एकदा बघून घ्याल का?" संदेश पोचतो. सर वाचतात. आणि खाली बारीक अक्षरांत उमटतं: सर टाइप करत आहेत.

तीन ठिपके एकामागून एक उड्या मारू लागतात. मी हात मागे घेतो. ठिपके थांबतात. माझ्या मनात येतं, काहीतरी मोठं लिहिलं होतं, ते खोडलं. पुन्हा ठिपके. आता सौम्य भाषेत लिहीत असतील. पुन्हा थांबले. आता एचआरला विचारायला गेले असतील. पुन्हा ठिपके, या वेळी बराच वेळ. तेवढ्यात मी आपण पाठवलेली फाइल उघडून पहिल्या ओळीपासून तपासतो, जुना बायोडेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही बघून घेतो. समोरासमोर असतो तर या सगळ्या वेळात सरांनी फक्त घसा खाकरला असता. अखेर उत्तर येतं.

"ओके."

त्या दोन अक्षरांना एवढा वेळ का लागला, हे एकदा त्यांच्या शेजारी उभा असताना कळलं. सर एका बोटाने टाइप करतात, आणि मधे फोन घेतात.

सगळं लेखी असतं, हा याचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगतात. मागे एकदा वाद झाला, की रिपोर्टचा नमुना जुना ठेवायचा ठरलं होतं की नवा. सगळे म्हणाले, चॅटवर आहे, शोधा. मी 'रिपोर्ट' शब्द टाकला. निकालांचा पूर आला. 'फायनल' टाकला, तर तो दुप्पट. गाळून, चाळून, तारखेने मागे जात जात शेवटी तो ऐतिहासिक क्षण सापडला. सरांचाच संदेश: "ठीक आहे, मग तेच करू." खाली सात अंगठे, त्यात माझाही. 'ते' म्हणजे काय, हे संदेशात नव्हतं. वरचा संदेश होता, "कॉलवर बोलू या का?" पुरावा भक्कम, फक्त कशाचा ते कळायला मार्ग नाही. मग आम्ही सातजणांनी चॅनेलवर पुन्हा चर्चा केली, आणि सरांनी लिहिलं, "चला, मग असंच करू."

हल्ली संदेश आधी लिहून हव्या त्या वेळेला सोडता येतो. सरांना ही सोय फार पटली आहे. रविवारी बसून ते आठवडाभराचे प्रश्न लिहून ठेवतात आणि वार लावून देतात. मंगळवारी सर माझ्या टेबलाशी उभे होते. तेच काम मी त्यांना स्क्रीनवर दाखवत होतो, ते मान डोलवत होते. दोन ठिकाणी त्यांनी "छान" असंही म्हटलं. मी हे नंतर वापरण्यासाठी मनात टिपून ठेवलं. तेवढ्यात कोपऱ्यातून चौकोन वर आला. सरांचाच संदेश: "त्या कामाचं काय झालं? दोन दिवस काहीच अपडेट नाही."

आम्ही दोघांनी तो वाचला. मी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, हे आत्ताच आपण..."

"हो हो, ते कळलं मला," सर म्हणाले. "पण तिथे लिही. आणि सगळ्यांना टॅग कर."