मेसियाँ, छावणी आणि तीन तारांचा चेलो

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: नाझींच्या छळछावणीत मरणाची वाट पाहणाऱ्या एका अनोळखी संगीतकाराने ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’ ही चार वाद्यांची रचना लिहिली, ती तीन तारांच्या मोडक्या चेलोवर (व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या तंतुवाद्यावर) पाच हजार कैद्यांपुढे वाजवली गेली, आणि तिच्यातली लय त्यांनी भारतात गुरूपाशी बसून आत्मसात केली होती. या मजकुरात खऱ्याचा अंश बराच आहे आणि म्हणूनच त्यातले खोटे सहज खपून जाते.

आधी छावणीविषयी. मेसियाँ १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्याच्या हाती लागले, ते सैन्यातील वैद्यकीय मदतनीस म्हणून. त्यांना जेथे ठेवले होते तो जर्मनीतील गर्लिट्झ येथील ‘स्टालाग आठ-अ’ हा युद्धकैद्यांचा तळ होता. तेथे उपासमार होती, कडाक्याची थंडी होती. परंतु ऑशविट्झसारख्या संहारछावणीशी त्याची गल्लत करणे हा त्या दुसऱ्या ठिकाणी मेलेल्यांवर अन्याय आहे. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल नावाच्या पहारेकऱ्याने मेसियाँना कागद-पेन्सिली पुरवल्या आणि पुढे सुटकेसाठी लागणारी बनावट कागदपत्रे तयार करण्यासही मदत केली. फिरणाऱ्या मजकुरात या माणसाचे नावही नसते.

‘अनोळखी’ हे विशेषण तर साफ चुकीचे आहे. १९०८ मध्ये आविन्यों येथे जन्मलेले मेसियाँ वयाच्या अकराव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, दाखल झाले आणि १९३१ पासून ते तेथील त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते. ही जागा त्यांनी पुढे १९९२ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ सांभाळली. क्वार्टेटही संपूर्णपणे छावणीत जन्मलेले नाही. त्याच्या आठ भागांपैकी चेलो-पियानोचा पाचवा भाग १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेल्या रचनेवरून घेतलेला आहे, व्हायोलिन-पियानोचा आठवा भाग १९३० च्या एका ऑर्गनरचनेवरून, आणि एकट्या क्लॅरिनेटचा तिसरा भाग आंरी अकोका या सहकैद्याने छावणीत पोहोचण्यापूर्वीच, नॅन्सीजवळच्या उघड्या माळावर, हाती आलेल्या कागदावरून वाजवून पाहिला होता. चार वाद्यांचा हा विजोड मेळ मात्र खरोखरच हाताशी असलेल्या वादकांमुळे जमला, एवढे त्या मजकुराच्या पदरात घालावे लागेल.

तीन तारांच्या चेलोची कथा स्वतः मेसियाँ आयुष्यभर सांगत राहिले, त्यामुळे ती पसरवणाऱ्यांना फारसा दोष देता येत नाही. पण तो चेलो वाजवणारे एतिएन पास्किए यांनी ती ठामपणे नाकारली: कैद्यांनी वर्गणी काढली, त्या पैशांतून गर्लिट्झच्या दुकानातून चेलो आणला गेला आणि त्याला चारही तारा होत्या. अमेरिकेतील क्लॅरिनेटवादक आणि अभ्यासक रिबेका रिशिन यांनी पास्किए यांना आणि व्हायोलिनवादक जाँ ल बुलेर यांना प्रत्यक्ष भेटून हे नोंदवून ठेवले आहे. ज्याच्या हातात वाद्य होते त्याचा शब्द मला अधिक वजनदार वाटतो. पाच हजारांचा आकडाही मेसियाँचाच. १५ जानेवारी १९४१ रोजी ज्या बराकीत हा कार्यक्रम झाला, तिच्यात काहीशेच माणसे मावत होती.

भारतीय गुरूचा मुद्दा आपल्याकडे विशेष आवडीने पुढे पाठवला जातो, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. मेसियाँना भारतीय ताल भेटले ते कोणा गुरूच्या ओसरीवर नव्हे, तर फ्रेंच संगीतकोशातील जोआनी ग्रोसे यांच्या भारतविषयक लेखात. तेथे शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मधील १२० देशी तालांची यादी दिलेली होती. हा ग्रंथ तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने, देवगिरीला म्हणजे आजच्या दौलताबादला लिहिला गेला. गुरूची कल्पित कथा रंगवणाऱ्या मराठी माणसांना हा खराखुरा धागा दिसू नये, हे नवलच म्हणायचे.

त्या यादीतून मेसियाँनी काय उचलले, हे क्वार्टेटच्या पहिल्याच भागात दिसते. तेथे पियानोचा लयबंध रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून केलेला, सतरा कालमूल्यांचा आहे; त्यावर फिरणारी स्वरसंघांची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, म्हणजे कॉर्ड्सची) माळ मात्र एकोणतीसांची आहे. सतरा आणि एकोणतीस या दोन्ही मूळ संख्या असल्याने ही दोन आवर्तने ४९३ स्वरसंघ वाजल्याशिवाय पुन्हा एकत्र सुरू होऊच शकत नाहीत आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. आपल्याकडे ताल म्हटला की सम आली, ठेका आला, आवर्तन पुरे होण्याची ओढ आली; मेसियाँच्या हाती ताल म्हणजे लहानमोठ्या कालावधींची केवळ एक ओळ आहे, आणि येथे तर सम कधीच येत नाही. हे भारतीय संगीत नव्हे आणि त्याची नक्कलही नव्हे. एका कॅथलिक फ्रेंच माणसाने ग्रंथातून घेतलेल्या सामग्रीची ती स्वतंत्र मांडणी आहे.

उरला मृत्यूच्या प्रतीक्षेचा दावा. शीर्षक बायबलच्या प्रकटीकरणातील, आता काळ उरणार नाही असे घोषित करणाऱ्या देवदूतावरून आलेले आहे, कैद्याच्या निराशेवरून नव्हे. कार्यक्रमानंतर थोड्याच काळात मेसियाँची सुटका झाली आणि त्याच वर्षी ते पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागले. चौघांपैकी ज्याच्या जिवाला खरोखर घोर होता तो अकोका, कारण तो ज्यू होता. एप्रिल १९४१ मध्ये त्याने धावत्या रेल्वेवरून उडी मारली आणि क्लॅरिनेटसह पळ काढला.