धार कशी आहे, काका?

साठी उलटली, रात्री तीनदा उठावं लागतंय, आणि उठून गेल्यावरही पालिकेने पाणीकपात जाहीर केल्यासारखी अवस्था आहे, तर पहिला नियम पाळा: कुणाला सांगू नका. बायकोला तर मुळीच नको. ती गेली दोन वर्षं अंधारात फ्लशचे आवाज मोजत पडलेली असते हा भाग वेगळा. आधी संध्याकाळचं पाणी बंद करा, मग दुपारचं. मग लांबची लग्नं बंद करा. नाटकाला गेलात तर कडेची खुर्ची घ्या आणि 'पाय आखडतात हो' असं सांगा. एवढं नीट सांभाळलंत तर पाच-सहा वर्षं सहज निघतात.

पुढे कधीतरी युरॉलॉजीवाल्यांकडे, म्हणजे लघवीच्या डॉक्टरांकडे, जावं लागतंच. पण दिवसाउजेडी केसपेपर काढून, रांगेत बसून जाणं हे भित्र्या माणसाचं काम. आमचे थोरले मामा गेले तसे जा, रात्री दोन वाजता. त्यासाठी तयारी लागते. भाचीचं लग्न, डिसेंबरची थंडी, वाहतं नाक, त्यावर दुकानातून मागून घेतलेली सर्दीची गोळी, वरून व्याह्यांच्या आग्रहाखातर दोन पेग, आणि वरातीत 'आता नको, घरी गेल्यावर' म्हणून चार तास धरून ठेवणं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं तेच मूत्राशयाचं तोंड आवळतं, हे आम्हाला त्या रात्री कळलं. घरी पोचेपर्यंत मामांचं पोट टणक झालं होतं, आणि थेंब पडायला तयार नव्हता.

सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल जवळ होतं. तिथे वॉर्डबॉयला 'मामा' म्हणतात आणि आयाबाईंना 'मावशी'. त्यामुळे मी 'मामा, आमच्या मामांना व्हीलचेअर!' असं ओरडलो तेव्हा दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. तारवटलेल्या डोळ्यांचा एक रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आला, त्याने सोळा नंबरची नळी घातली. या नंबरांचा हिशेब सोपा आहे, तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर; म्हणजे सोळा नंबर सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. पिशवी भरत गेली तसतसा मामांचा चेहरा बदलत गेला. अंगारकीला चार तास रांगेत उभं राहून गाभाऱ्यात पोचलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय, तसाच. त्यांनी त्या मुलाला हात जोडले. 'देवासारखा आलास रे बाबा,' म्हणाले.

महिन्याभराने ओपीडीत तोच मुलगा समोर बसलेला दिसल्यावर मामा माझ्या कानात म्हणाले, "हा पोऱ्या कशाला? मोठे डॉक्टर कुठायत?"

हा दुसरा नियम. शिकाऊ मुलाला अंगाला हात लावू देऊ नका. त्या 'पोऱ्या'चा हिशेब मात्र मनातसुद्धा करू नका, कारण तो असा आहे: एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग जनरल सर्जरीत एमएसची तीन, मग पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन युरॉलॉजीत एमसीएचची तीन. साडेअकरा झाली. यात सरकारी सेवेच्या बाँडची वर्षं धरलेली नाहीत, आणि परीक्षेच्या तयारीत घरी बसून काढलेली तर नाहीतच. पोऱ्याचे कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. पण तुम्ही नगरसेवकाची चिठ्ठी काढा आणि थेट सरांच्या खोलीत जा. आम्ही गेलो. दीड तास बाहेर बसलो. सरांनी चिठ्ठी वाचली, केसपेपरवर दोन शब्द लिहिले आणि परत दिला. बाहेर येऊन पाहिलं तर लिहिलं होतं, 'सीनिअर रेसिडेंटने पाहावे.' पुन्हा त्याच टेबलाशी, पण आता रांगेत एकोणतिसावा नंबर.

ही विशेषज्ञांची भानगड कालपरवाची आहे असंही समजू नका. हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या ग्रीक शपथेत वैद्य म्हणतो की मुतखड्यासाठी मी सुरी चालवणार नाही, ते काम त्यात मुरलेल्यांवर सोडीन. म्हणजे 'आमच्याकडे होत नाही, वरच्या हॉस्पिटलात न्या' ही प्रथा दोन हजार वर्षांहून जुनी. आपला सुश्रुत पुढे गेला. त्याने खडा कापून काढायची रीत तपशीलवार दिली, पण सोबत बजावलं की न कापल्यास मरण नक्की, कापल्यास भरवसा नाही, तेव्हा आधी राजाची परवानगी घ्या. आता राजा नाही. त्याच्या जागी योजनेचं पोर्टल आहे, आणि ते रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव जुळल्याशिवाय प्रसन्न होत नाही.

असो. टेबलाशी बसलात की प्रश्नपत्रिका येते. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. गेल्या महिन्याभरात पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटलं नाही असं किती वेळा झालं? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का? मध्येच थांबते का? धरवत नाही का? धार कशी आहे, काका? जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठता? आयुष्यात ही एकच परीक्षा अशी, जिथे पस्तीस गुण मिळवणारा नापास. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसपासून वर गंभीर. तुम्ही काय करायचं? सगळ्याला 'नाही' म्हणायचं. मामांनी तेच केलं, कारण शेजारच्या स्टुलावर एक परक्या बाई बसल्या होत्या आणि पोऱ्याचा आवाज खणखणीत होता.

"काका," तो पेन खाली ठेवून म्हणाला, "रात्री दोन वाजता नळी मीच घातली होती."

शेवटी आठवा प्रश्न असतो. त्याला बेरजेत धरत नाहीत. उरलेलं सगळं आयुष्य लघवीची ही अशीच स्थिती राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? उत्तरं 'आनंद होईल'पासून 'भयंकर'पर्यंत. मामा बराच वेळ गप्प राहिले. सत्तरीच्या माणसाला उरलेल्या सगळ्या आयुष्याबद्दल इतक्या सरळ कुणी विचारलं नसावं. मग म्हणाले, "चालेल." चालेल हा पर्याय त्या यादीत नाही.

मग धारेचं मशीन. एक फनेल, खाली वजन मोजणारं भांडं, बाजूला आलेख काढणारी पेटी आणि आडोशाला पडदा. लिटरभर पाणी प्यायचं, कळ येईपर्यंत थांबायचं आणि फनेलमध्ये करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण बाहेर अकरा माणसं मांड्या आवळून आपल्या पाळीची वाट पाहतायत, मावशी दर दोन मिनिटांनी 'झालं का हो?' विचारतायत, आणि आयुष्यभर ज्या गोष्टीकडे कुणी पाहू नये म्हणून आपण भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो ती आज मोजली जाणार आहे. अशा वेळी भल्याभल्यांची आटते. मामांची साठ मिलिलिटर झाली. दीडशेच्या खाली असेल तर आलेखावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पुन्हा बाटली, पुन्हा रांग. दुसऱ्यांदा मावशींनीच कोपऱ्यातला नळ बारीक सोडून दिला. यंत्रणा म्हणतात ती ही. निरोगी धारेचा आलेख देवळातल्या घंटेसारखा वर चढून खाली येतो, सेकंदाला पंधरा मिलिलिटरच्या वर. मामांचा सातावर अडकला आणि कासच्या पठारासारखा सपाट पसरत गेला. फुलं तेवढी नव्हती.

यानंतर बोट घालून तपासणी. 'मला कॅन्सर असेल तर रक्तात येईलच की' असं म्हणून ती टाळायची, हा आपला जन्मसिद्ध हक्क. पीएसए नावाच्या त्या रक्ततपासणीचा आकडा मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी नुसती वाढली तरी चढतो, जंतुसंसर्ग झाला तरी चढतो, आणि कधी कॅन्सर असूनही साधासुधा दिसतो; पण आकडा कसा कागदावर छापून येतो, भारदस्त वाटतो, आणि त्याला पँट सोडावी लागत नाही. मामा भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळले. मागे सहा विद्यार्थी. सर आत येऊन विचारत होते, प्रोस्टेट हाताला कशी लागली पाहिजे? अंगठ्याच्या बुडाशी जो मऊ उंचवटा असतो तशी. मुठीच्या हाडासारखी टणक लागली तर सावध व्हा. मामांना दिसलं नाही, मला दिसलं: सहाही जण आपापली मूठ वळून चाचपून बघत होते. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून खाटेभोवतीचं हे कोंडाळं आपल्याकडे आहे. तुम्हाला 'आम्ही काय गिनिपिग आहोत?' असं ओरडायची मुभा आहे. फक्त मग सरांना तुमची केस सगळ्यांसमोर पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता, मांडून दाखवणारं कुणी नसेल. बाहेर दोन हजार रुपये फी घेऊन हे कुणी करत नाही. तिथे चार मिनिटांत बिल आणि गोळ्या.

गोळ्यांवरून आठवलं. कुठल्या गोळ्या घेता हे कधीही सांगू नका. प्रोस्टेटच्या एका गोळीने पीएसएचा आकडा सहा महिन्यांत निम्म्यावर येतो; तीच गोळी कमी ताकदीत केस गळू नयेत म्हणूनही खातात. न सांगितल्यास डॉक्टर निम्मा आकडा पूर्ण समजून निश्चिंत होतील. दुसरी, धार मोकळी करणारी टॅम्सुलोसिन. ती चालू असल्याचं मोतीबिंदूवाल्यांना सांगितलं नाहीत तर ऐन ऑपरेशनात बुबुळाचा रंगीत पडदा लुळा पडतो. लघवीची गोळी आणि डोळ्याचं ऑपरेशन, संबंधच काय, असं म्हणून गप्प बसा.

मुतखडेवाल्यांना वेगळा सल्ला लागतो. टोमॅटो सोडा, दूध सोडा, मिठाला हात लावू नका. म्हणजे मीठ चालू ठेवा. खरं तर कमी करायचं असतं मीठच, आणि दूध बंद केल्याने खडे वाढायचीच शक्यता, पण पानफुटीची पानं चावत असताना हे कोण ऐकणार? १९८०मध्ये म्युनिकला विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्राने पहिल्यांदा माणसाच्या पोटातला खडा बाहेरून धक्के देऊन फोडला. आपल्या हॉस्पिटलात तसलं यंत्र असेलही, आणि त्यावर चादर असेल. आतून दुर्बिणीने खडा काढला तर मूत्रनळीत डीजे ठेवतात. हा मिरवणुकीतला नव्हे. दोन्ही टोकांना जे अक्षरासारखी वळलेली बारीक नळी. काही आठवड्यांनी काढून घ्यायची असते. तुम्ही विसरून जा. वर्षभराने तिच्यावरच खडे चढतात आणि एका ऑपरेशनाची तीन होतात. वॉर्डातल्या वहीत तुमचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला असतो. फोन येईल, अनोळखी नंबर आहे म्हणून उचलू नका.

एका बाबतीत मात्र माझी गंमत करायची हिंमत होत नाही. लघवीतून एकदा लाल गेलं, दुखलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी स्वच्छ, तर 'बीट खाल्लं असेल' म्हणणाऱ्यांची रांग मी त्या ओपीडीत पाहिली. बहुतेकांच्या खिशात तंबाखूची पुडी. तंबाखूचं विष मूत्रपिंडातून गाळलं जाऊन मूत्राशयात येऊन बसतं, तासन् तास, आणि कॅन्सर तिथेच धरतो.

आणि बायका. त्या स्टुलावरच्या बाई, खोकल्या की लघवी सुटते म्हणून आल्या होत्या. किती वर्षं? 'धाकटा झाला तेव्हापासून.' धाकटा त्यांना सोडायला आला होता, त्याला मिशा होत्या. हा विभाग पुरुषांचा, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

मामांचं ऑपरेशन ठरलं. पोट कापायचं नाही. दुर्बिणीतून तारेच्या कडीने वाढलेली ग्रंथी आतून सोलून काढायची. कमरेत इंजेक्शन, त्यामुळे पाय मेले, कान शाबूत. पुढचं सगळं मामांच्या तोंडून ऐकलेलं. दुर्बीण पोऱ्याच्या हातात, सर मागे हात बांधून स्क्रीनकडे बघत उभे.

"व्हेरू कुठाय?" सरांनी विचारलं.

पोऱ्या गप्प.

"व्हेरू दाखव आधी."

मामांच्या पोटात गोळा आला. काहीतरी हरवलंय, आणि ते आपलंच आहे, एवढं त्यांना कळलं. व्हेरूमोंटॅनम म्हणजे मूत्रमार्गातला एक बारीकसा उंचवटा. मूत्राशयाकडून येताना त्याच्या अलीकडे कापायचं; पलीकडे लघवी धरून ठेवणारा स्नायू असतो, तिथे कडी लागली की माणूस जन्मभर ठिबकत राहतो. म्हणून चार काप काढले की मागे येऊन व्हेरू बघायचा, पुन्हा चार, पुन्हा बघायचा. एकदा सरांनी 'थांब' म्हणून दुर्बीण स्वतःकडे घेतली, दोन मिनिटांनी परत दिली. मामा सांगतात, तासाभरात तो प्रश्न किमान पंधरा वेळा विचारला गेला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी डोळे मिटून उत्तराची वाट पाहिली. 'हा काय सर.' तुम्ही मात्र मोठ्या डॉक्टरांनीच सगळं करावं असा आग्रह धरा, म्हणजे असं सारखं विचारणारं कुणी मागे उभं राहणार नाही.

निघालेले तुकडे ओल्या खोबऱ्याच्या कापांसारखे होते. ते तपासायला गेले, कॅन्सर नव्हता. पिशवीतलं पाणी पहिल्या दिवशी कोकम सरबतासारखं, तिसऱ्या दिवशी लिंबाच्या. नळी निघाल्यावर मामा संडासात गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "थांब रे, ऐकतोय."

आता ते रात्रभर झोपतात. मामी म्हणते, घोरणं वाढलंय.

खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांच्या बाथरूमचा दिवा रात्री चारदा लागतो, आमच्या गॅलरीतून दिसतो. परवा जिन्यात त्यांनी मामांना गाठलं, आवाज उतरवून विचारलं, "कसलं हो ऑपरेशन झालं तुमचं?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हर्नियाचं," म्हणाले.