तोंडाला वीस पाने कशी पुसावीत

सहा अंकांच्या विज्ञानकाल्पनिक कॉमिक मालिकेचे पाच अंक आपण उत्तम वठवले असतील आणि सहाव्याचे काय करावे, या विवंचनेत असाल, तर मुळीच घाबरू नका. परवाच अशा एका मालिकेचा शेवटचा अंक वाचून मी खाली ठेवला आहे आणि त्यातून मिळालेले धडे ताजे आहेत, तोवर ते आपल्या पदरात घालतो.

पाचवा अंक ऐन मोक्यावर तोडून काही महिने मौन पाळावे. वाचकाच्या स्मरणातून कथेचे धागे गळून पडले, की ते जुळवण्याची जबाबदारीही आपोआप गळते.

मुखपृष्ठे मात्र चार प्रकारची काढावीत.

मध्येच चित्रकार बदलावा. नायिकेच्या डाव्या गालावरचा व्रण उजव्या गालावर गेला, तरी वाचक तो सापेक्षतेचा परिणाम समजून सोडून देतो.

कथेला २० पाने मिळत असतील, तर त्यांतील सात पानभर चित्रांवर उडवावीत. कोणी हरकत घेतलीच, तर ‘वॉचमेन’ या गाजलेल्या कॉमिक मालिकेचा दाखला द्यावा, कारण तिच्या १९८७ सालच्या बाराव्या, म्हणजे शेवटच्या, अंकाची सुरुवातही सलग सहा पानभर चित्रांनीच होते. आधीचे अकरा अंक नऊ चौकटींच्या जाळीत घट्ट बांधले होते, म्हणूनच ती सहा पाने अंगावर येतात, हे मात्र सांगू नये.

आणि मुख्य म्हणजे, विज्ञानाचे नियम पहिल्या अंकात घालावेत व शेवटच्या अंकात विसरावेत. या मालिकेत नायिका मंगळावर आणि तिचा भाऊ पृथ्वीवर आहे. दोन्ही ग्रह एकमेकांपासून सर्वांत दूर असताना संदेश पोहोचायला सुमारे २२ मिनिटे लागतात आणि उत्तर यायला आणखी तेवढीच. पहिल्या अंकातील एका पानावर तीच खिडकी, तीच खुर्ची आणि तीच नायिका आठ वेळा काढली होती. बदलत होते ते फक्त भिंतीवरचे घड्याळ. ते पान पाहताना माझाही श्वास अडकला होता. तिसऱ्या अंकात ‘दार उघडू नका’ हा निरोप उशिरा पोहोचला आणि तीन माणसे मेली. संपूर्ण कथा त्या २२ मिनिटांवर उभी होती. आणि शेवटच्या अंकात? ग्रह तितकेच दूर असताना ही दोघे एकाच पानावर, संवादाच्या फुग्याला फुगा भिडवून, नळावर भांडावे तशी भांडतात! तो अर्धे वाक्य बोलतो आणि ती ते मध्येच तोडते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर आहे आणि शेवटचा अंक आला म्हणून तो वाढत नाही.

खलनायकाचे हृदयपरिवर्तन एका चौकटीत उरकावे.

शेवटच्या पानावर ‘समाप्त?’ असे प्रश्नचिन्हासह छापून पुढील मालिकेची घोषणा करावी.

नाही हो, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भाऊ चुकला होता आणि त्याची क्षमायाचना पोहोचेपर्यंत ती जिवंत राहील की नाही, एवढाच प्रश्न तुम्ही पाच अंक आमच्या मनात पेरत आलात. तो सोडवायला नवे यंत्र नको होते, स्फोट नको होते, सात पानभर चित्रे तर नकोच होती. एक पान हवे होते: तीच खिडकी, तीच खुर्ची, आठ चौकटी आणि पुढे सरकणारे घड्याळ. हे तुम्हाला येत नव्हते, असेही नाही. पहिल्या अंकात ते तुम्हीच काढून दाखवले होते.