‘आमी जगलव मा!’

शिमग्याला चाकरमानी यायला लागले की वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुने मेसेजही गावाला येतात. यंदाचा असा: ‘पेज-मासळीवर वाढणाऱ्या कोकणी पोराला लस कशाला? लशीनं ताप येतो, म्हणजे ती विषारीच. गोवर येऊन गेला की पोर उलट घट्ट होतं.’ खाली एका काकांचं शिक्कामोर्तब: “आमका कोणी टोचल्यान? तरी आमी जगलव मा!”

काका, जगलात हे खरं. तुमच्या पाठची किती जगली? १९५१च्या सुमारास देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली सुमारे १४६ वर्षाच्या आतच जात. सगळी काही लशीवाचून गेली नाहीत, पण घटसर्प, डांग्या खोकला ही नावं तुमच्या आईला आमच्यासारखी विचारावी लागत नव्हती.

पेज-मासळी उत्तमच. धनुर्वाताचे जंतू मात्र मातीत असतात, ते ताटात काय वाढलंय ते बघत नाहीत.

गोवरानं पोर घट्ट होतं, हे तर साफ उलटं आहे. आधीच्या आजारांशी लढून शरीरानं जे लक्षात ठेवलेलं असतं, त्यातलं बरंचसं गोवर पुसून टाकतो. म्हणून गोवर उतरल्यावर न्यूमोनिया, जुलाब पाठ धरतात. गोवरानं कधी डोळेही जातात. शिवाय रोगी खोलीतून उठून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ होती, आणि आपल्या सणांना गाड्या भरून येतात त्या मुंबईहूनच.

राहिला ताप. इथे मी मेसेज पाठवणाऱ्याला हसणार नाही. माझ्या लेकीला दीड महिन्याचं इंजेक्शन दिलं, त्या रात्री ती फणफणली, मांडीला गाठ आली. असं होईल हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या डोसाला जायचंच नाही असं ठरवून बसलो होतो. नंतर आशाताई ओट्यावर बसून बोलल्या: पेंटाव्हॅलंटनंतर, म्हणजे दीड महिन्याला देतात त्या पाच रोगांवरच्या एकत्र लशीनंतर, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सिस्टरना विचारून घ्या, गाठ चोळू नका. बीसीजीची, म्हणजे क्षयावरच्या लशीची, जागा पिकते नि आपोआप सुकते. गोवराच्या लशीचा ताप तर आठवड्यानंतरही येतो. हे दहा मिनिटांचं बोलणं टोचण्याआधी झालं असतं, तर ती रात्र आम्ही इतकी घाबरून काढली नसती. लस टोचताना चार गोष्टी सांगायच्याच असतात: कुठली लस, त्रास काय होईल, पुन्हा कधी यायचं, कार्ड जपा. सांगितल्या नाहीत तर विचारा.

आणि काका, नात मुंबईहून येतेय ना? दीड वर्षाची झाली असेल. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, आपल्या उपकेंद्रातही फुकट मिळतो. कार्ड बॅगेत टाकायला सांगा.