ऑल विनर्सचा २० नंबर कुणी जाळला वगैरे नाहीये

तो मेसेज परत फिरतोय, की टाइमलीच्या (म्हणजे पुढे जी मार्व्हल झाली त्याच कंपनीच्या) 'ऑल विनर्स कॉमिक्स'चा २० नंबरचा अंक छापून झाल्यावर नष्ट केला आणि जगात त्याच्या दोन-चारच कॉपी उरल्यात. अहो तो अंक निघालाच नाही, मग जाळणार काय कप्पाळ?

झालं असं, की १९४६ च्या १९ नंबरमध्ये टाइमलीने कॅप्टन अमेरिका, बकी, ह्युमन टॉर्च, टोरो, सब-मरिनर, व्हिझर आणि मिस अमेरिका अशी सगळी फौज एका गोष्टीत आणली, लेखक बिल फिंगर, हो बॅटमॅनवालाच. त्यानंतर थेट २१. मधला २० नंबर लागला 'ऑल टीन कॉमिक्स'वर, म्हणजे किशोरवयीन पोरापोरींचं कॉमिक, एकही सुपरहिरो नाही! तेव्हा तिकडे असंच चालायचं, मासिकाचं नाव बदलायचं पण नंबर जुनाच पुढे ओढायचा, त्यामुळे आकडे बघून गोंधळ होणारच.

आणि त्याच मेसेजमधलं 'जगातली पहिली सुपरहिरो टीम' हेपण चूक. जस्टिस सोसायटी ही सुपरहिरोंची टीम 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या ३ नंबरमध्ये १९४० च्या हिवाळ्यातच आली होती. ऑल विनर्सवाल्यांच्या त्या काळात टीम म्हणून गोष्टी दोनच, १९ आणि २१. मला स्वतःला १९ जास्त आवडते, पण ते असो. कुणी २० नंबरचा 'ऑल विनर्स' विकायला आणला तर पैसे खिशातच ठेवा.