हॅमस्टर आजारी नाही, झोपलाय. पण फायटरच्या बाटल्यांबद्दल तुमचं बरोबर

नमस्कार. आमच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानाबद्दलचा दोन ताऱ्यांचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी अशा: हॅमस्टर गुंगीत पडलेले आणि एकेकटे कोंडलेले, इग्वाना (मोठा हिरवा सरडा) दिव्याखाली तोंड वासून बसलेला, सन कोनूरची (पिवळ्या-केशरी विदेशी पोपटाची) छाती पिसांविना उघडी, कासवांचं पाणी हिरवं, फायटर मासे बाटल्यांत आणि मागची खोली बंद. फायटरबद्दल तुमचं पूर्ण बरोबर आहे, बंद खोलीबद्दल अर्धं. बाकी ठिकाणी तुम्ही पाहिलंत ते खरं, अर्थ मात्र वेगळा.

आधी चुकीचं कबूल करतो. फायटर 300 मिलीच्या बाटलीत ठेवायची पद्धत बाजारात सगळीकडे आहे, आणि ती आमच्याकडेही होती. हा मासा पाण्यावर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणून तो बाटलीत गुदमरत नाही. त्याला मारतो तो अमोनिया. एवढ्याशा पाण्यात त्याच्याच कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया झपाट्याने चढतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही माशाचे कल्ले भाजत असतात. आम्ही रोज पाणी बदलायचो, पण रोजचा तो धक्काही माशाला सोसावा लागतोच. शिवाय त्याला 24 ते 28 अंश लागतात आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री बाटलीत हीटर बसत नाही. त्यामुळे बाटल्या काढल्या. आता लांब टाकीत अपारदर्शक पडदे टाकून कप्पे केलेत, प्रत्येक माशाला साधारण 5 लिटर, सगळ्यांना मिळून एक हीटर आणि स्पंज फिल्टर. पडदे अपारदर्शक, कारण समोर दुसरा नर दिसत राहिला की हे दिवसभर कल्ले फुगवून थकतात. घरी नेताना मात्र 15-20 लिटरची टाकी घ्या. 5 लिटर ही दुकानातल्या काही दिवसांची सोय आहे.

हॅमस्टर. हा निशाचर प्राणी आहे, दुपारी चारला तो झोपलेलाच असणार. भर दुपारी सगळे हॅमस्टर टकाटक जागे दिसले, तर त्या दुकानात त्यांना झोपू देत नाहीत असं समजा. आजार ओळखायचा तर शेपटीखाली पाहा: तिथली लव ओली, चिकट आणि घाण वास येणारी असेल तर तो जुलाबाचा आजार, आणि त्यात पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. एकेकटं ठेवणं हा जुलूम नाही. सीरियन जातीचे हॅमस्टर आठ-दहा आठवड्यांचे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात. एका पिंजऱ्यात चार मोठे सीरियन दिसले तर तिथे तक्रार करा. चाकही बघून घ्या: तारांचं असेल तर पाय अडकून मोडतो. सपाट, भरीव आणि किमान 20 सेंटिमीटरचं हवं.

इग्वानाचं तोंड वासणं म्हणजे त्याचं धापणं. त्याला घाम येत नाही. दिव्याखालच्या 35 ते 38 अंशांत बसला की तो तोंड उघडून जास्तीची उष्णता बाहेर टाकतो आणि मग सावलीत सरकतो. सावलीच्या, 27-28 अंशांच्या बाजूलाही तोंड उघडंच असेल, तोंडात चिकट तार दिसत असेल, तर तो श्वासाचा संसर्ग. त्यामुळे पिंजऱ्यात दोन थर्मामीटर आहेत का ते आधी बघावं, एक तापलेल्या टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच असेल तर दुकानदाराला अंदाज नाही. दुसरी गोष्ट यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा. ती उजेड देत राहते, पण तिच्यातली यूव्हीबी डोळ्यांना न कळता घटत जाते, म्हणून आमच्या ट्यूबवर बसवल्याची तारीख चिकटवलेली आहे आणि 12 महिन्यांनी ती बदलतो. ट्यूब काचेच्या बाहेर लावली असेल तर ती असून नसल्यासारखी, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी मिळाली नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही: जबडा रबरासारखा मऊ पडतो, मागचे पाय सुजतात, बोटं थरथरतात. गुबगुबीत मांड्या बघून लोक ‘काय तब्येत आहे’ म्हणतात, ती बऱ्याचदा हीच सूज असते. खायला शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा. पालक रोज नाही, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

कोनूरबद्दल. छाती उघडी पण डोकं पिसांनी भरलेलं, म्हणजे पिसं त्याने स्वतःच उपटलीत. डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. डोकंही उघडं असतं तर दोष बहुधा पिंजऱ्यातल्या जोडीदाराचा किंवा आजाराचा. हा पक्षी एका घरातून परत आला आहे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर आणि दिवसभर एकटा राहिलेला. तो विक्रीला नाही. पिसांपेक्षा शेपटी बघायला शिका: शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी प्रत्येक श्वासागणिक वर-खाली होत असेल तर त्याला श्वास घेणं जड जातंय, तो घेऊ नका. दुकानातला पक्षी फुगून, डोळे मिटून दाण्याच्या वाटीशी बसलेला दिसला तर तीच गोष्ट.

हिरवं पाणी हे खिडकीतल्या उन्हाने आलेलं शेवाळ आहे. दिसायला वाईट, कासवाला अपाय नाही. पाण्याला वास येत असेल किंवा कासवाला पूर्ण कोरडं बसायला जागा नसेल तर काळजी करावी. ही लाल कानांची विलायती कासवं आम्ही विकत नाही. रुपयाएवढी घेतलेली पुढे ताटलीएवढी होतात, तीस वर्षं जगतात, आणि मग लोक नदीत सोडून देतात. ती इथल्या कासवांच्या जागा बळकावतात. आमच्याकडे आहेत ती लोकांनी परत आणलेली. (स्टार कासव आणि साधा हिरवा पोपट विकायला ठेवणारं दुकान दिसलं तर वनखात्याला कळवा, दोन्ही बेकायदा आहेत.)

मागची खोली. नवीन आलेले पक्षी तिथे 30 दिवस वेगळे राहतात. वाट्या, झाडू वेगळे. तिथलं खाणं-साफसफाई सगळ्यात शेवटी, म्हणजे हातावरून संसर्ग दुकानात येत नाही. तुम्हाला आत सोडलं नाही ते याचसाठी. पण बंद दाराआड काय चालतं हे ग्राहकाने का मानून घ्यावं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. दाराला आता काच बसवली आहे.

कागद मागायलाही संकोच करू नका. 2018 च्या पेट शॉप नियमांखालचा राज्य प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी दाखला भिंतीवर लावलेला असतो, आणि प्राणी कुठून आला, किती मेले याची वही ठेवावी लागते. मेलेल्यांचा रकाना कोरा असेल तर ती वही खोटी. सन कोनूर घेतलात तर 2024 च्या नियमांप्रमाणे 30 दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तुमच्या नावाने नोंद करावी लागते. बजी (बजरीगर) आणि कॉकटील या पक्ष्यांना ती लागत नाही.

पुन्हा आलात तर साडेसातनंतर या, हॅमस्टर चाकावर असतील. कोनूरचा पिंजरा मात्र सातला झाकतो, तो तुम्हाला दिसणार नाही.